पोंचोखालचं अंडं

"ताइता, अंड्यात उतरलेल्या धसक्याचं आमलेट खाल्लं तर तो पुन्हा चढतो का हो?"

विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैजच लावली होती. सोराइदानं भर चौकात विचारून टाकलं. पेरूतल्या काहामार्काच्या त्या डोंगरगावात रविवारचा बाजार ओस पडला होता आणि सगळं गाव ताइता, म्हणजे वैदूबाबा, एलादिओभोवती लोटलं होतं. अंगात शिरलेला धसका उतरवायला रोग्याच्या अंगावरून अंडं फिरवायचं, पाण्याच्या ग्लासात फोडायचं, की आतून काळ्या केसांचा गुंता! बायका छातीवर क्रूस काढत किंचाळायच्या.

"पोरीच्या जिभेला हाड नाही!" ताइता गुरगुरला. "दोमितिला, गोळ्या नदीत टाकल्यास ना? गोळ्यांनी धसका माजतो!"

सोराइदाची आई दोमितिला मान खाली घालून बसली होती. दरडीखाली सापडून तिचा भाऊ गेल्यापासून तिनं अन्न आणि बोलणं दोन्ही टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी आता कुठे केस विंचरू लागली होती, तेवढ्यात हे महाराज उपटले.

"आज टाकतो," बाबा खिशातली गोळ्यांची पाकिटं चाचपत पुटपुटले.

अंडं रोग्याच्या घरच्याच कोंबडीचं हवं, असा ताइताचा नियम. म्हणजे संशयाला जागा नको! सोराइदानं अंडं दिलं. त्यानं ते अंगावरच्या घोंगडीवजा पोंचोखाली नेऊन फुंकर मारली, "निघ काळ्या, निघ!" करत आईच्या डोक्यावरून फिरवलं आणि फोडलं. बुळुक! बलकाभोवती केसच केस.

"बघा, धसका!"

"बघितला की! पण ताइता, मी अंडं उकडून आणलं होतं. ते कच्चं कसं केलंत?"

सोराइदानं झटकन पोंचो उचलला. आतल्या खिशात तिचं उकडलेलं अंडं, शेजारी आणखी चार: सुईएवढं भोक, वर मेणाचं बूच, बुचातून डोकावणारे केस.

"अगं बाई, कोंबडीपेक्षा हाच जास्त अंडी घालतो!" बटाटेवाली खिदळली. ताइतानं चौकातून काढता पाय घेतला.

"हसताय काय? काल तुम्हीच क्रूस काढत होतात!" सोराइदा कडाडली. "मेंदूत ग्लिया नावाच्या पेशी असतात. मज्जापेशींना भरवायचं, केर काढायचा, ही त्यांची कामं. ताण फार दिवस राहिला की त्यांतल्या काही बिथरतात, काही थकतात. उदासीत त्यांचाही हात असावा, असं संशोधक म्हणतात. शोध अजून चालू आहे. तो केर अंड्यानं निघेल? देवानं डोकं दिलंय, ते वापरा जरा!"

आईनं हळूच तिचा हात धरला.

"बाबा, पाकिटं इकडे द्या. आजपासून गोळ्या मी सांभाळणार. आणि आई, उद्याच्या बसनं आपण दोघी डॉक्टरीणबाईंकडे जातोय. शाळा बुडाली तर बुडू दे. अंडी मात्र यापुढे फक्त खायची!"