पुढची दोन रूपं

"बिसीच," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि वरणभाताचा घास हातात धरून थांबल्या.

खुर्चीत बसवलेल्या श्रीकृष्ण सरांचे ओठ हलले. "बिसॉट... बिसॉट."

"शाब्बास!" बाईंनी घास भरवला.

अर्धांगवायूने सरांची वाचा गेली होती. पाणी म्हणता येईना, बायकोला हाक मारता येईना. पण आर्णीच्या शाळेत जन्मभर पोरांकडून घोकून घेतलेली इंग्रजी क्रियापदं डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात शाबूत राहिली होती, देव जाणे. पहिलं रूप द्या, पुढची दोन ते बिनचूक सांगायचे. बाईंना इंग्रजीचा गंधही नव्हता. मात्र पुढच्या खोलीत शिकवणी चालायची आणि मागच्या खोलीत बाईंच्या पोळ्या, त्यामुळे कानावर पडून पडून सगळं पाठ झालेलं. नवरा-बायकोचं बोलणं आता एवढंच उरलं होतं. तेवढ्यावर बाईंचे दिवस निघत होते.

दुपारी पुण्याहून लेकीचा फोन आला, तेव्हा बाईंनी तिला बिसीचचं सांगितलं.

"आई, तुले त्या बिसीचचा अर्थ तरी मालूम हाय का?" ऋचाने विचारलं.

"मले कायले पायजे अर्थ? ते बोलतेत, झालं मंग."

"अवं, कळकळीनं विनवणं. बाबा वर्गात सांगत, सीक म्हंजे शोधणं, त्या शब्दापासून निघाला म्हणून. सारं शोधून थकलेला माणूसच शेवटी हात जोडते, म्हणत."

"चांगलं शिकवत होते वं तुह्ये बाबा," बाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम भरून आलं.

पुढच्याच आठवड्यात सरांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाईंनी नेहमीसारखा भात कालवला.

"बिसीच."

सर नुसते पाहत राहिले.

"बरं, ते राहू द्या. गो म्हणा. कम?" ही तर सगळ्यात सोपी. एवढंही न येणाऱ्या पोराला सर बाकावर उभं करायचे.

ओठ हलले नाहीत.

"काहून असं करून राह्यले जी? मी कोनाशी बोलू आता?" बाईंनी रडत हात जोडले. "एक खेप बोला ना."

ताटातला भात गार झाला. सर उपाशी होते. बाईंनी पदराने डोळे पुसले, घसा खाकरला, घास उचलला.

"बिसीच," त्या म्हणाल्या. नेहमीसारख्या थोड्या थांबल्या. मग "बिसॉट, बिसॉट" हेही स्वतःच म्हणून त्यांनी घास सरांच्या तोंडात घातला.