तीनशे अकरा पुस्तकांचा वाचक

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे आणि माझे साल संपले आहे. म्हणजे असे, की माझ्या पोटात तीन रबरी पट्ट्या आहेत. एकीवर दिवस, दुसरीवर महिने, तिसरीवर साले. तिसरी पट्टी दोन हजार एकोणीसलाच संपली. तेव्हापासून दिवस आणि महिना मी उमटवतो, साल मात्र पेनाने लिहावे लागते.

माझा जन्म निजामाच्या जुन्या शहरात, अफझलगंजच्या एका शिक्केवाल्याकडे झाला. त्याच शहराच्या कुकटपल्ली भागात एका सोसायटीच्या तळमजल्यावर मराठी वाचनालय निघाले, तिथे मी नोकरीला लागलो. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर परतीची तारीख मी उमटवायची आणि शेजारी नेणाऱ्याने सही करायची, ही इथली रीत.

त्या कागदापाशी बसून मला माणसे कळू लागली. पाककृतीच्या पुस्तकावर हळदीचे बोट उमटले असेल, तर ते वाचले गेले. योगासनांचे पुस्तक मात्र नेहमी नव्यासारखे कोरे परत येते. जाडजूड ग्रंथ छातीशी धरून नेणारे गृहस्थ चौथ्या दिवशी पातळ पुस्तके चाळताना दिसतात. मी कोणाला काही बोलत नाही. शिक्क्याने तोंड उघडायचे ते कागदावरच.

पुढे संगणक आला, थंड हवेचे यंत्र आले, भिंतीला प्लग आले. निम्मी मंडळी पुस्तकासाठी नव्हे, प्लगसाठी येऊ लागली. मी नाक मुरडले. मला खोक्यात ठेवून देणार होते, पण एका सभासदाने हट्ट धरला की शिक्का उमटल्याशिवाय पुस्तक नेल्यासारखे वाटत नाही. ते सभासद म्हणजे हणमंतराव.

हणमंतराव आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. चौदा वर्षांपूर्वी ते पत्नीला, सावित्रीबाईंना, घेऊन प्रथम आले. पुस्तक बाई निवडायच्या, सही हणमंतराव करायचे. सही उर्दूत, उजवीकडून डावीकडे धावणारी. लोक म्हणायचे, काय झोकदार सही आहे. उर्दूतच का, हे चौदा वर्षांत एकानेही विचारले नाही. मीही त्यातलाच.

तीन वर्षांपूर्वी सावित्रीबाई वारल्या. हणमंतराव एक महिना आले नाहीत, मग दर पंधरवड्याला एकटे येऊ लागले. त्यांची निवडण्याची तऱ्हा निराळी होती. पुस्तक मागून उघडायचे, कागदावर स्वतःची सही शोधायची. सापडली तर घ्यायचे, नाही तर परत ठेवायचे. मला वाटले, म्हातारपणी माणूस जुन्या पुस्तकांत रमतो.

यंदा वार्षिक दिनाच्या आधी घोळ झाला. पुण्याहून नोकरीसाठी आलेली ऋचा सुट्टीच्या दिवशी वाचनालय सांभाळते. मोठी हौशी पोरगी. तिने सगळे जुने कागद संगणकात भरले आणि सर्वाधिक पुस्तके नेणारा वाचक शोधून काढला. हणमंतराव, तीनशे अकरा पुस्तके. ठरले की त्यांना शाल-श्रीफळ द्यायचे आणि मग त्यांनी आवडत्या पुस्तकातले एक पान सर्वांसमोर वाचायचे. पुरावा माझाच होता. मी फुगलो.

हणमंतराव मात्र आक्रसले. आधी म्हणाले घसा बसलाय. ऋचा म्हणाली, एकच परिच्छेद वाचा. मग म्हणाले चष्मा बदलायचाय. ती म्हणाली, मोठ्या अक्षरात छापून आणते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते आले, पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "माझं नाव काढून टाका बाई. आता येणं होणार नाही."

ऋचाला कळेना, आपले काय चुकले. ती घरी पुस्तके पोचवते म्हणाली, शाल नको तर नको म्हणाली. हणमंतरावांनी पुस्तक मागून उघडले आणि माझ्या तारखेशेजारच्या आपल्या सहीवर बोट ठेवले.

"ह्या पुस्तकात मला एवढंच वाचता येतं," ते म्हणाले. "बाकीचं ती वाचायची."

मग त्यांनी सांगितले. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, सगळी उर्दूत. चौथीनंतर शेती, पुढे शहरात बियाण्यांचे दुकान. घरात, गावात मराठीच, पण मराठी अक्षर कधी गिरवले नाही. दुपारच्या चहानंतर सावित्रीबाई वाचायच्या आणि ते भाजी निवडत ऐकायचे. सही दिसली, की हे पुस्तक तिच्या तोंडून ऐकलेले, एवढे त्यांना कळायचे. ते घरी नेऊन उशाशी ठेवायचे.

शेजारच्या प्लगपाशी चारुलता नावाची एक पोरगी परीक्षेचा अभ्यास करत होती. जन्म इथला, शाळा इंग्रजीतली, मैत्रिणी तेलुगू. मराठी वाचते ती कुकटपल्लीचा रस्ता ओलांडल्यासारखी. थांबते, बघते, एक पाऊल टाकते. तिने कानातली वायर काढली.

"आजोबा, अक्षरं मला येतात. पण जोडाक्षरात अडते, आणि निम्मे शब्द कळत नाहीत."

"शब्द मला येतात," हणमंतराव म्हणाले. मग मान हलवली. "नक्को पोरी. लोक हसतील."

"मलापण हसतील. अर्धं अर्धं वाटून घेऊ."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात एकच पुस्तक समोर धरून दोघे बसले. ती बोट ठेवून वाचायची, अडली की ते डोळे मिटूनच शब्द पुरवायचे. एकदा तर ती ओळीच्या मध्यात असताना ते पुढची ओळ बोलून मोकळे झाले. पान संपता संपता त्यांनी हात वर केला.

"थांब. इथं ती थांबायची आणि विचारायची, झोपलात काय?"

सभागृह हसले. हणमंतरावही हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

ऋचाने नाव काढले नाही. आता दर रविवारी प्लगवाली पोरे आणि चष्मेवाली मंडळी जोडीने वाचायला बसतात. अभ्यास थोडा मागे पडतो म्हणे, पण तक्रार अजून कोणी केलेली नाही.

मित्रांनो, माझे पॅड कोरडे पडू देऊ नका, पट्ट्यांवरची धूळ पुसा, एवढे तर मी मागणारच. पण माझ्या मोजणीवर फार विसंबू नका. तीनशे अकरा वेळा मी उमटलो आणि मला त्या माणसाबद्दल काही कळले नाही. तुम्हाला तोंड आहे. पुस्तक परत द्यायला आलेल्या माणसाला जरा विचारत जा, कसे वाचले, कोणाबरोबर वाचले.

दोघांनी वाचलेल्या त्या पुस्तकाच्या कागदावर आता माझ्या तारखेशेजारी दोन सह्या आहेत. एक उजवीकडून येते, दुसरी डावीकडून, जरा अडखळत. साल हणमंतरावांनी स्वतःच्या पेनाने लिहिले आहे.