कमी पिळलेले पिक्चर

बंदरावरची पोरं तिला पिळकाकू म्हणायची आणि तिला त्याचा राग येत नसे. रागावण्यासाठी तिच्याकडे दुसरी पुष्कळ कारणं होती. शिवाय नाव काही खोटं नव्हतं. तीन तासांचा पिक्चर घ्यायचा आणि पिळून पिळून एवढासा करायचा, हाच तिचा धंदा. हातात धरायच्या गेमचं कार्ड नखाएवढं. त्यात असे पिक्चर जितके जास्त मावतील तितकं गिऱ्हाईक खूश.

आता तुम्ही म्हणाल, गेमवर पिक्चर कोण बघतं? रिगवरची माणसं बघतात. त्या बंदरापासून पार आत समुद्रात तेलाचे रिग होते आणि तिथे माणसं महिनोन्महिने राहायची. टीव्ही एकच, त्याचा रिमोट फोरमनच्या उशाखाली. मोबाईलला रेंज नाही. एका खोलीत चौघं, वर-खाली बिछाने. मग ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा गेम. खेळून खेळून बोटं दुखली की पिक्चर लावायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. घराची आठवण आली तरी भिंतीकडे तोंड केलेलं बरं असतं.

दुकान म्हणजे नवऱ्याचं जुनं टीव्हीदुरुस्तीचं. तो गेला, टीव्ही दुरुस्त करून घेणारेही गेले. काकूनं दोन कॉम्प्युटर मांडले आणि हे नवं काम शिकून घेतलं. कसं करता, असं कोणी विचारलं की ती सांगायची, "अरे, पिक्चरमध्ये अर्धा वेळ काही हलतच नाही. हिरो बोलतो, तेव्हा मागची भिंत तिथेच असते ना? मग ती एकदाच ठेवायची. पुढे फक्त त्याचे ओठ हलले तेवढं लिहून घ्यायचं. बाकीचं टाकून द्यायचं."

"कळत नाही टाकलेलं?"

"हाताएवढ्या पडद्यावर काय कळणार आहे, डोंबल!"

पण ती हयगय करत नसे. कॉम्प्युटर आधी एकदा सबंध पिक्चर नुसता बघून घ्यायचा, कुठे धावपळ आहे आणि कुठे नुसत्या गप्पा आहेत ते हेरायचा आणि मग दुसऱ्या फेरीत पिळायचा. ते झालं की काकू कार्ड काउंटरवरच्या जुनाट गेममध्ये घालून स्वतः बघायची. बटणं झिजलेला, कोपरा फुटलेला तो गेम. रिगवर बहुतेकांकडे तसलेच होते. त्याच्यावर नीट चालला तर कुठेही चालेल, हा तिचा नेम. नेम मोडायचा नाही. एका माणसासाठी मात्र ती तो दर खेपेला मोडत होती.

ते माणूस म्हणजे तिची लेक. एकुलती एक. वेल्डिंग शिकली, इथवर काकूनं चालवून घेतलं. पण पोरगी एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "आई, मी रिगवर चाललेय." काकूचं डोकंच फिरलं. नवरा गेल्यावर घरात दोनच ताटं उरलेली, आता त्यातलंही एक उचलायचं म्हणजे काय? पण तसं सांगेल तर ती काकू कसली! मी एकटी पडेन, मला भीती वाटते, हे सांगायचं सोडून ती म्हणाली, "गेलीस तर हे दार तुला बंद."

पोरगी म्हणाली, "बरं."

आणि गेली. खाण तशी माती. आई एक शब्द मागे घेणार नाही आणि लेक एक शब्द पुढे टाकणार नाही. रिगवरच्या ऑफिसातून घरी फोन करायला प्रत्येकाची पाळी असते. ती आपली पाळी दुसऱ्यांना देऊन टाकते, हे काकूच्या कानावर आलं होतं. काकूनं त्यावर "देऊ दे" असं म्हटलं आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

पण लेक गेल्यानंतर बोटीच्या पहिल्याच खेपेला रिगचा आचारी सगळ्यांच्या कार्डांची पिशवी घेऊन आला, तर तीत एक कार्ड लेकीचं निघालं. वर चिकटपट्टी आणि तिचं वळणदार अक्षर. निरोप नाही, काही नाही. रिकामं कार्ड भरून द्यायला आलेलं, जसं सगळ्यांचं येतं तसंच. काकू ते तळहातावर घेऊन बराच वेळ बसली. मग तिनं ठरवलं, माझ्या पोरीला चिपाड द्यायचं नाही.

तेव्हापासून लेकीचे पिक्चर ती अगदी कमी पिळायची. इतरांच्या कार्डात दहा, तर हिच्या कार्डात तीन. पण कसे! झाडाचं पान न् पान वेगळं, पडद्यावरच्या बाईच्या कपाळावरची बट सुद्धा सुटी दिसावी. आणि ते चांगले झालेत का, हे त्या जुनाट गेमवर काय कळणार, म्हणून ती कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर बघायची. बघून समाधानानं मान हलवायची. पोरीला कळेल, असं तिला वाटायचं. तिला तोंडानं सांगायला नको, पिक्चर बघूनच कळेल.

अशा किती तरी खेपा झाल्या. लेकीचं कार्ड यायचं, भरून जायचं. काकूच्या मनात एकच होतं, करार संपेल आणि पोरगी घरी येईल. ती करार संपायची वाट बघत होती, पण ये म्हणून तिनं कळवलं नव्हतं.

करार संपत आला तेव्हा आचारी पुन्हा आला. अंगानं आडवा, बोलण्यात त्याहून ऐसपैस. चहा पुढे आला की त्याचं तोंड सुरू व्हायचं आणि कप रिकामा झाला तरी थांबायचं नाही. त्या दिवशी मात्र तो चहा नुसता ढवळत बसला.

"काय रे, साखर कमी झाली का?"

"नाही काकू. एक सांगू का? पण मी सांगितलं असं सांगू नका."

"आता कोणाला सांगणार मी? बोल."

"तुमच्या लेकीचे पिक्चर चालत नाहीत."

काकूचा हात काउंटरवरच थांबला. "चालत नाहीत म्हणजे?"

"अडकतात. चेहरा तिथेच राहतो आणि आवाज पुढे निघून जातो. मग चेहरा एकदम उडी मारतो. आमची सगळ्यांची कार्डं मस्त चालतात. हिचंच नाही. पहिल्यापासून."

काकूला क्षणात सगळं उमगलं. त्या जुन्या गेमचा घास केवढा आणि आपण भरवत होतो केवढा! दुसऱ्या कोणी अशी चूक केली असती, तर तिनं त्याला भर बाजारात वेड्यात काढलं असतं. साधा नेम, कार्ड जुन्या गेमवर लावून बघायचं. जगाच्या पोरांची कार्डं बघितली, आपल्या पोरीचं तेवढं बघितलं नाही.

"मग मेल्या, इतक्या दिवसांत सांगितलं नाहीस कधी?" ती त्याच्यावरच घसरली. "तिनं तरी कळवायचं होतं. चार अक्षरं लिहायला काय झालं होतं?"

"मी म्हटलं होतं तिला, काकूंना सांगतो, दुरुस्त करून देतील. तर माझ्यावर वसकन आली. म्हणाली, खबरदार सांगाल तर. सांगितलंत तर आई मला सगळ्यांसारखे करून देईल."

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिच्या चाकाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

"तिला कळलंय?" तिनं शेवटी विचारलं.

"न कळायला काय झालं? तुमचीच पोरगी आहे. पहिला पिक्चर अडकला तेव्हाच म्हणाली, आईनं माझा कमी पिळलाय. आणि हसली. रोज लावते, काकू. अडकलेलं चित्र बघत पडून राहते. पिक्चर बघायचा असला की माझ्या कार्डातला बघते."

आचाऱ्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग खाली बघत म्हणाला, "नवा करार समोर आलाय तिच्या. आणखी वर्षभराचा. मी म्हटलं, आता पुरे झालं, जा घरी. तर म्हणते, घरून कोणी ये म्हटलं तर जाऊ ना."

आता मात्र काकूचा जीव कासावीस झाला. आयुष्यभर जी बाई समोरच्याला दोन शब्द जास्तच सुनावत आली, तिचं एका शब्दापाशी घोडं अडलं होतं. "बोट कधी सुटते?" तिनं विचारलं. चार वाजता, असं कळल्यावर तिनं आचाऱ्याला बाहेर काढलं, दाराला आतून कडी लावली आणि लग्नकार्याचं शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्यानं दुकानात ठेवलेला कॅमेरा काउंटरवर उभा केला.

समोर स्टुलावर बसली. केस सारखे केले. घसा खाकरला. "कशी आहेस," म्हणाली आणि ते तिलाच खोटं वाटलं. मग जे तोंडात आलं ते बोलत सुटली. "दार बंद म्हटलं होतं मी. ते काही खरं नव्हतं. दार कसलं बंद करतेय, मी रोज उघड्या दाराकडे बघत बसते. मला तुझ्याशिवाय करमत नाही. भांडायला सुद्धा कोणी नाही घरात. माझं चुकलं. तू ये. नोकरी करायची तर कर, पुन्हा जायचं तर जा, पण आधी घरी ये."

बोलून झाल्यावर ती पिळायला बसली. हात एकदा कमी पिळण्याकडे वळला, सवयीनं. तिनं तो मागे घेतला. हे अडकून चालणार नव्हतं. तिनं स्वतःला इतरांच्या पिक्चरांसारखंच पिळलं, अगदी निर्दयपणे. मागचं कपाट गेलं, साडीवरची नक्षी गेली, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या. मग कार्ड जुनाट गेममध्ये घातलं. पडद्यावर एक चौकटी-चौकटीची बाई बसली होती, ओळखीची म्हटली तर ओळखीची. पण तिचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. कुठेही अडकलं नाही. काकू ते कार्ड घेऊन धक्क्यावर धावत गेली आणि आचाऱ्याच्या मुठीत देऊन म्हणाली, "हे पिशवीत टाकू नकोस. खिशात ठेव."

पुढच्या खेपेपर्यंत तिनं घर दोनदा झाडून काढलं, लेकीची गादी उन्हात घातली, उचलली, पुन्हा घातली. बोट यायच्या दिवशी ती सकाळपासून धक्क्यावर उभी होती. माणसं उतरत गेली. प्रत्येक डोक्यावरून तिची नजर फिरत होती. शेवटी आचारी उतरला आणि त्याच्यामागे कोणी नव्हतं.

त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं, तरी तिनं विचारलं, "सही केली?"

"केली होती, काकू. आदल्या दिवशीच. तुमचं कार्ड पोचलं तेव्हा कागद ऑफिसात गेले होते. मागायला गेली होती परत. नाही दिले. खूप रडली. आता पाळी आली की फोन करणार आहे. कार्ड काही दिलं नाही तिनं भरायला, म्हणाली, आई पुसून टाकेल."

काकू मान हलवत ऐकत राहिली. मग तिनं अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "नीट दिसते का मी त्यात?"

"तोंड जरा पुसट आहे. पण बोलणं स्वच्छ आहे."

"मग पुढच्या वेळी थोडं कमी पिळू का? एवढंसंच."

"नको काकू. अडकेल."

"हो," ती म्हणाली, "अडकेल." आणि तिथेच, सामानाच्या पेट्यांमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तिचा बांध फुटला. "मला पोर हवीय रे घरात. कार्डं कसली भरतेय मी, मला माझी पोर हवीय."

आचाऱ्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली, काकूचा दंड धरला आणि तिला हळूहळू गर्दीतून बाहेर नेलं. दुकान उघडून दिलं, खुर्चीत बसवलं, स्वतःच आत जाऊन चहा टाकला. काकू डोळे पुसून समोर ठेवलेल्या पिशवीकडे बघत होती. त्यातली सगळी कार्डं उद्यापर्यंत भरून हवी होती.