कोपऱ्यावरचा झेंडा आणि जुगोचे दिवस

मी एक जुना झेंडा आहे. देशाचा नव्हे, मित्रांनो. फुटबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यात, गुडघाभर गवतात उभा असतो ना, तो. दाल्मात्सियाच्या किनाऱ्यावर, समुद्राला लागून असलेल्या मैदानावर माझा जन्म गेला. क्लबचे कपडे धुणाऱ्या नेवेंकामावशींनी एका फाटक्या लाल शिडातून मला बेतले. म्हणून वाऱ्याची मला उपजतच ओळख आहे.

आमच्याकडे वारे मुख्यतः दोन. बुरा डोंगरावरून येतो, थंड आणि कोरडा. आभाळ घासूनपुसून लख्ख करतो. जुगो दक्षिणेकडून येतो, दमट आणि चिकट. तो आला की डोकी दुखतात, नवरा-बायको भांडतात आणि मी ओल्या पोतेऱ्यासारखा लोंबतो.

बार्तुल याच मैदानावर वाढला. मोठ्या शहरातल्या क्लबने त्याला उचलले, व्यावसायिक खेळाडू केले, आणि मग वर्षभर बाकावर बसवून ठेवले. शेवटी त्यांनी त्याला एका हंगामापुरता आमच्याकडे उसना धाडला. इथे चमकला तर परत बोलावणार, नाहीतर राम राम. गावातल्या कॉफीच्या प्रत्येक टेबलावर त्याच्या पायांची चर्चा चाले. पोराला ते ओझे झाले होते.

एका जुगोच्या दिवशी त्याने पेनल्टी मारली. बॉल गोलावरून जो गेला तो थेट समुद्रात. आम्ही हरलो. सामना संपल्यावर तो माझ्याजवळ चिखलात बसून राहिला. प्रशिक्षक फ्राने तिथे आले.

"फ्रानेकाका, मी चाललो म्युनिकला," बार्तुल म्हणाला. "मामाकडे भिंती रंगवीन. भिंत रंगवणाऱ्याची कोणी शिट्ट्या मारून हुर्यो उडवत नाही."

"जा की! अडवलंय कोणी? जाताना बॉल तेवढा काढून दे समुद्रातून!"

तेवढ्यात नेवेंकामावशी कपड्यांची टोपली घेऊन आल्या.

"दोघंही तोंडं मिटा! जुगो वाहतोय हे दिसत नाही? अरे, आपल्याकडे पूर्वी राज्याचे कारभारीसुद्धा जुगोत कायदे करायला बसत नसत, आणि तुम्ही आयुष्याचे फैसले करताय! मासळी भाजलीय. खा आणि झोपा. बुरा सुटल्यावर काय ते ठरवा."

दोघेही उठून त्यांच्यामागे जेवायला गेले. आमच्याकडे हा नियम मोडायची कोणाची छाती नाही.

जुगो काही हलेना. ठरवता काहीच येत नव्हते, म्हणून बार्तुल रोज सरावाला येत राहिला. मग एका पहाटे बुरा सुटला. मी फडफडू लागलो. समोरची बेटे हाताला लागतील इतकी स्वच्छ दिसली. फ्राने मैदानावर आधीच येऊन उभे होते. रात्री त्यांना झोप लागली नसावी.

"मामाला फोन केलास?" त्यांनी हळूच विचारले.

"केला. म्हटलं, रविवारी सामना आहे, सध्या वेळ नाही."

फ्राने नुसते "बरं" म्हणाले आणि नाक शिंकरत दुसरीकडे वळले.

रविवारी बुरा जोरात होता. बार्तुलने कॉर्नर घेताना माझ्याकडे पाहिले, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि बॉल खालून मारला. वाऱ्याने तो वळवून थेट जाळ्यात नेला! त्या आनंदात पठ्ठ्याने मला अशी लाथ घातली की माझी काठीच मोडली. नेवेंकामावशी ओरडल्या, "मेल्या, नवी काठी कोण तुझा मामा आणणार?"

आता बार्तुल मोठ्या क्लबात खेळतो. मी सामानाच्या खोलीत, जुन्या जाळ्यांवर पडून असतो. धूळ बसते, पण तक्रार नाही.

एवढेच सांगतो, मित्रांनो. जुगो तुमच्याही घरी येत असेल, नाव वेगळे असेल. त्या दिवशी आपल्या माणसाला "जा" म्हणू नका. त्याला आधी जेवायला वाढा.