मूठ न वळता

बटण एवढंसं, बाळाच्या सदऱ्याच्या गळ्याशी — ते काजात ढकलताना तिच्या उजव्या मनगटात पुन्हा तोच ‘कट्’. बाळ हसलं. त्याला वाटलं, आईने आवाज काढून दाखवला.

तीन आठवड्यांपूर्वी ओल्या न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा बाळ डाव्या हातात होतं आणि उजवा तळवा आपसूक फरशीवर आपटला... बाळाला ओरखडाही नाही. सासूबाई म्हणाल्या, लचकलंय, शेक घे, जाईल. आणि रोज लोकांच्या हातांची ऑपरेशनं करणाऱ्या तिने मुकाट्याने मान डोलावली. तिला ठाऊक नव्हतं का? मनगटात होडीसारखं एक हाड, शेजारी चंद्रकोरीसारखं दुसरं, दोघांना धरून ठेवणारा नखाएवढा अस्थिबंध. तो तुटला की दोघं पाठ फिरवतात, रुसलेल्या जावांसारखी, आणि काही वर्षांनी अख्खं मनगट झिजून बसतं. वेळेत शिवलं तर वाचतं. पण शिवायचं म्हणजे तारा, प्लास्टर, कितीतरी महिने हातात ना सुरी ना बाळ... त्याला उचलणार मग सासूबाई. आणि तो त्यांच्याकडेच झेपावायला लागला तर?

दुपारी आपल्याच हॉस्पिटलातल्या एक्स-रेच्या खोलीत ती स्वतःच हात पसरून बसली. पहिला फोटो स्वच्छ आला. दोन्ही हाडं शेजारी शेजारी, शहाण्यासारखी. बघा काका, काही नाही, असं ती म्हणाली — जरा घाईनेच. एक्स-रे काढणारे काका जागचे हलले नाहीत.

“मूठ वळा, ताई.”

“कशाला? दिसतंय ना सगळं.”

“सैल हातात काय दिसणार? मुठीचा फोटो नसला की माझी हजेरी कोण घेतं?”

मीच घेते, तिच्या मनात आलं. सैल हात खोटं बोलतो, मूठ आवळली की दोन हाडांमधली फट उघडी पडते — विद्यार्थ्यांना हे मीच सांगते... आणि तीन आठवडे हा हात मी घरभर, वॉर्डभर कसा मोकळा मिरवला, लपवण्यासारखं काही नसल्यासारखा.

काका भिंतीआड गेले. हलू नका म्हणाले.

अंगठा मिटला, मग एकेक बोट. करंगळी तेवढी बाहेर राहिली. बाळाला तिने पडू दिलं नव्हतं, हे खरंच. पण स्वतः ती अजून पडतच होती — ती ओली फरशी अजून खाली, बरीच खाली कुठेतरी होती, आणि आज पहिल्यांदाच तिला वाटलं... पोचावं एकदाचं.