घरी लावायचा कॉम्प्युटर

सुमनताईंनी खोक्यातून बाहेर लोंबणारी एक वायर चिमटीत धरली आणि अशी काही ओढली, की काउंटरमागचा निरंजन खुर्चीतून अर्धा उठला.

“मावशी, नवा पीस आहे तो.”

“नवा हाय म्हणूनच बघती,” ताई म्हणाल्या. वायरीचं टोक पितळी टर्मिनलमधून केसभर सरकलं होतं. ते त्यांनी उजेडात धरून निरंजनला दाखवलं. “हिचं दाबकाम ढिलं हाय. दुसरा दाव.”

चिंचवड स्टेशनजवळच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून हे चालून गेलं. निरंजनने दुसरा पॉवर सप्लाय काढला, मग तिसरा. तिसऱ्याची वायर ताईंनी दोनदा ओढली, नखाने टर्मिनल खरवडलं आणि खोकं स्वतःकडे सरकवलं. त्यावर निरंजनने कबूल केलं की चांगला हाच आहे, फक्त लोक वायरी कुठे बघतात, लोकांना आत रंगीत दिवे लागतात. शेजारी उभी असलेली ताईंची मुलगी तेजल आधी लाजेने मोबाइलमध्ये तोंड खुपसून होती. आता तिने मान वर केली आणि आई चाकणला वायर हार्नेसच्या कंपनीत आहे, सतरा वर्षं झाली, असं जरा मोठ्यानेच सांगितलं.

मोटारीत बॉनेटपासून डिकीपर्यंत वायरींची जी जुडी फिरते, ती बांधायचं हे काम. त्यात एकच गोष्ट पक्की लक्षात धरायची असते. कनेक्टर ढकलायचा, टक् असा आवाज आला का ते ऐकायचं, आणि मग उलटा ओढून बघायचा. कंपनीने याचा मोठा बोर्ड इंग्रजीत लावला होता. ताई नव्या मुलींना त्याचं मराठी करून सांगायच्या, ढकल, ऐक, ओढ. ओढूनही हलला नाही, तर त्यावर मार्करने एक ठिपका द्यायचा. तो ठिपका म्हणजे बाईची सही. सतरा वर्षांत ताईंच्या ठिपक्याचा एकही नग तक्रार होऊन परत आला नव्हता. माणसाला कसला ना कसला माज असतोच, ताईंना हा होता. ओळख निघाली की पाचव्या मिनिटाला त्या सांगायच्या, “माज्या हातचं परत येत न्हाई.” निरंजनलाही सांगून झालं.

तेजल बिल्डरांसाठी संगणकावर घरं उभी करायची. अजून पायाही न खणलेल्या इमारतीच्या गॅलरीत कुंड्या, कुंड्यांत फुलं, फुलांवर ऊन, सगळं हुबेहूब. दोन वर्षांपूर्वी ती मोशीचं घर सोडून वाकडला दोन मैत्रिणींबरोबर राहायला गेली, कारण रोज जाऊन येऊन तीन तास रस्त्यावर जायचे. सुरुवातीला दर शनिवारी यायची. मग एक शनिवार आड झाला. मग “या वेळी जमत नाही गं, पुढच्या वेळी नक्की” असं होऊ लागलं. मोशी ते वाकड अंतर ते काय, पण ताईंना ते गेल्या वर्षभरात कळलं. तेजलचे वडील गोरक्ष जाऊन चार वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की पुढे ऐकायला काही नसे.

आणि महिन्यापूर्वी तेजलचा फोन आला. ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची मुभा दिली होती. “आता घरीच चांगला डेस्कटॉप लावते, आई. पार्ट एकेक निवडून घेऊ. तू ये बरोबर, वायरीतलं तुला कळतं.”

घरी. ताईंनी तो शब्द ऐकला आणि पुढचं फारसं ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशीपासून त्या कामाला लागल्या. खिडकीखालचं शिलाई मशीन आतल्या खोलीत गेलं. गोरक्षची कॉट इतके दिवस कुणाला हलवू दिली नव्हती, ती गच्चीवर गेली. सुताराकडून साडेचार फुटी टेबल करून घेतलं. वायरमन बोलावून भिंतीत वेगळं सॉकेट बसवून घेतलं, त्याला स्वतंत्र अर्थिंग, शिवाय लाल दिव्याचं बटण. यातलं तेजलला काही सांगितलं नाही. आल्यावर बघेल, म्हटलं. मनातले मांडे खायला बसलं की माणूस तूप कमी घेत नाही. तीन दिवस घरी म्हणजे तीन दिवस दोन माणसांचा स्वयंपाक, इथवर ताई पोहोचल्या होत्या.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड हे तेजलच्या मोबाइलमधल्या यादीप्रमाणे भराभर ठरलं. त्यात ताईंनी तोंड घातलं नाही. एका खाचेची मात्र त्यांनी तारीफ केली, रॅमची पट्टी उलटी घालू म्हटलं तरी बसतच नव्हती. आमच्या कंपनीतही असंच असतं म्हणाल्या, बाई कितीही दमलेली असो, चुकीचं बसूच नये.

गाडी अडली ती हे सगळं ज्यात बसवायचं त्या कॅबिनेटपाशी. ताईंनी कोपऱ्यातलं सगळ्यात मोठं, काचेच्या दाराचं कॅबिनेट हेरून ठेवलं होतं. त्यांनी ते उचलून बघितलं, उचलेना, आणि त्यांना ते फारच आवडलं. पर्समधून इंच टेप काढून त्या मापाला लागल्या. टेबलाखालची जागा त्यांना पाठ होती.

“ह्येच घे,” त्या म्हणाल्या. “एकदा ठिवलं की हलायचं काम न्हाई.”

निरंजननेही त्यांचीच बाजू घेतली. मोठ्यात हवा खेळते, हात आत जातो, जोडायला सुख. पण तेजल फळीवरचं एक लहानसं, वरून मूठ असलेलं कॅबिनेट घेऊन आली.

“आई, एवढं मोठं धूड ठेवू कुठे? माझ्या पलंगाशेजारी दीड फूट जागा आहे. आणि अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की पुन्हा घर बदलायचं. उचलता आलं पाहिजे ना.”

ताई टेप धरून तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात निरंजनने वॉरंटीसाठी पत्ता विचारला आणि तेजलने मोबाइलमधून नजर न काढता वाकडच्या सोसायटीचं नाव सांगितलं, इमारत, मजला, सगळं. “घरचाच टाका,” ती म्हणाली.

म्हणजे महिनाभर दोघी एकच शब्द बोलत होत्या आणि घरं दोन होती. यात पोरीची काही चूक नव्हती. जिथे टूथब्रश असतो, उशी असते, त्याला माणूस घर म्हणणारच. ताई स्वतः लग्नानंतर किती दिवसांत मोशीला घर म्हणू लागल्या होत्या, ते त्यांनी आठवून पाहिलं. आईपुढे पहिल्यांदा तसं तोंडातून गेलं होतं, तेव्हा आई नुसतीच चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली होती. त्यांना फार एकटं वाटलं, भर दुकानात, मुलगी हाताच्या अंतरावर असताना.

त्यांनी टेप गुंडाळला.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “ल्हानच घे. उचलाय बरं.”

तेजलने टेप कशाला आणला होता ते विचारलं. पर्समध्ये असतोच, ब्लाऊजच्या मापाला, असं ताईंनी सांगितलं.

जोडणीला निरंजन बसला. लहान कॅबिनेटमध्ये सगळं दाटीवाटीने बसत गेलं. शेवटी प्रोसेसरला वीज देणारा कनेक्टर तेवढा राहिला. त्याची जागा अगदी वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड. निरंजनची बोटं जाडजूड, तिथवर पोहोचेनात. तरी मोठं घ्या म्हणत होतो, असं तो पुटपुटला. ताईंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या.

“सरक,” त्या म्हणाल्या.

बोटं आत गेली. जागा दिसत नव्हती, पण ताईंना दिसायची गरजही नव्हती. कनेक्टर तोंडाशी बसला, अर्धा आत गेला, आणि तिथे त्यांचा हात थांबला.

अर्ध्यावर राहिलेला कनेक्टर काय करतो हे ताईंपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. आज सगळं सुरू होतं. तपासणीत पास होतं. मग दोन-तीन महिने तापून निवून, हलून, तो कणाकणाने मागे सरकतो. एक दिवस मशीन कारण नसताना बंद पडतं. चांगले शिकलेले लोक डोकं धरून बसतात. तेजलही बसेल आणि मग म्हणेल, आई, तूच बघ ना काय झालंय. मूठ धरून हे कॅबिनेट घेऊन मोशीला येईल. साडेचार फुटी टेबलावर ठेवेल. दुरुस्त व्हायला दोन दिवस लागतील. ताईंनी मनात आणलं तर चार लागतील.

बोटं तिथेच होती. मागे तेजल फोनवर कुणाशी तरी बोलत होती. पहिलंच स्वतःचं काम मिळालं होतं वाटतं, एकेक शब्द जपून बोलत होती. “सोमवारी सकाळी देते, सर. नक्की. मशीन आज येतंय घरी.”

ताईंना स्वतःची लाज वाटली. सतरा वर्षांत परक्यांच्या गाड्यांना असं केलं नव्हतं.

त्यांनी अंगठा टेकवला आणि ढकललं. टक्. मग उलटा ओढून बघितला. हलला नाही. तरी पुन्हा एकदा ओढला.

निरंजनकडून त्यांनी मार्कर मागून घेतला आणि बोट वाकवून आतल्या कनेक्टरवर ठिपका दिला. दार लावल्यावर तो कुणाला दिसणार नव्हता.

“हे काय गं?” फोन ठेवून आलेल्या तेजलने विचारलं.

“तपासल्याची खूण,” ताई म्हणाल्या.

कॅब आली. तेजलने खोकं मागच्या सीटवर ठेवलं, त्याला बेल्ट लावला आणि शेजारी बसली. “घरी चल ना आई, चालू करताना तू पाहिजेस,” ती मनापासून म्हणाली. या वेळी कोणतं घर ते ताईंना नीट कळलं. उद्या रविवार असूनही ओव्हरटाइमला पहिल्या शिफ्टला बोलावलंय, असं त्यांनी सांगितलं. ते खरंही होतं.

“बरं, बिघडला तर मोशीला घेऊन येईन हां. तूच बघायचं.”

“न्हाई बिघडायचा,” ताई म्हणाल्या. “माज्या हातचं परत येत न्हाई.”

कॅब वळली. सवयीचं वाक्य, सवयीने तोंडून गेलेलं. ते त्यांना बस स्टॉपवर पोहोचल्यावर ऐकू आलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कुकर लावला. दुसऱ्या शिट्टीला तेजलचा फोटो आला. पलंगाशेजारी कॅबिनेट, समोर उजळलेला पडदा, आणि खाली लिहिलेलं, पहिल्या फटक्यात सुरू झाला. ताईंनी फोटो बोटांनी मोठा केला. पडदा सोडून त्यांनी बाकीचं बघितलं, पलंगावरची चादर, खिडकीला वाळत घातलेला टॉवेल, एका कडेला आलेलं तेजलचं कोपर. बराच वेळ बघितल्यावर फोनची बॅटरी उतरली.

त्यांनी नव्या सॉकेटचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. साडेचार फुटी टेबलाच्या एका कोपऱ्यात फोन चार्ज होत राहिला, आणि ताई शेजारच्या खुर्चीवर बसून जेवल्या.