चाकांचा मूळ रंग

काकूंनी तीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग मिसळले होते. गिऱ्हाइकं पडद्याचा तुकडा आणत, फुटक्या कपाचा कान आणत. एकदा तर एका बाईंना नवऱ्याच्या डोळ्यांच्या रंगाची भिंत हवी होती, म्हणून त्या नवऱ्यालाच घेऊन आल्या. काकूंनी त्याला दारातल्या उजेडात उभं केलं, दोनदा वर बघायला लावलं आणि अर्ध्या तासात डबा हातात दिला. निवृत्त झाल्यावरही एखादी अवघड छटा आली की दुकानाचे मालक त्यांनाच बोलावून घेत.

घरी साठ वर्षांची एक गाडी होती. ती काकांनी जिवापाड सांभाळली होती. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गाडी आता काकू चालवत, आठवड्यातून एकदा वाचनालयात आणि एकदा लेकीकडे. गाडीचं अंग अजून ठणठणीत होतं, पण लोखंडी रिमांवरचे पोपडे सुटायला लागले होते. एका रविवारी सकाळी काकूंनी गॅरेज उघडलं, जॅक लावून मागचं डावं चाक काढलं, स्टुलावर आडवं ठेवलं आणि पॉलिश पेपरनं घासायला बसल्या.

वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे दीर राहत. ते जुन्या गाड्यांच्या क्लबचे सभासद होते. त्यांच्याकडेही अगदी तशीच गाडी होती, फक्त ते ती चालवत नसत, पुसत. घासण्याचा आवाज ऐकून ते चहाचा कप हातात घेऊनच खाली आले. वहिनी चाक रंगवताहेत, आणि तेही कुणाला न विचारता, हे बघून त्यांचा चहा प्यायचा राहूनच गेला. कोणता रंग देणार, असं त्यांनी विचारलं. आधी होता तोच, क्रीम, असं काकूंनी सांगितलं. आधी म्हणजे नक्की कधी हाच तर खरा प्रश्न आहे, असं म्हणून दीर तसेच वर गेले आणि त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण हत्यारं काही सुटली नव्हती. तासाभरात ते कपाळाला दिवा बांधून हजर झाले, चाकासमोर खुर्ची ओढून बसले आणि खिशातून दात तपासायची आकडी काढून एकेक थर खरवडू लागले. दीर वहीत टिपून घेत होते.

वरचं क्रीम गेलं. खाली निळा निघाला. "नंतरचा," डॉक्टर म्हणाले. निळा काकांनी लेक झाली त्या वर्षी दिला होता, पाळण्याचा उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून. त्याखाली पांढरा. "हाही नंतरचा." त्या वर्षी काकांची नोकरी गेली होती आणि रिकामपणी त्यांनी घरातलं दिसेल ते पांढरं केलं होतं, खुर्च्या, कपाट, फुलांच्या कुंड्या आणि शेवटी चाकं. पांढऱ्याखाली पुन्हा क्रीम आलं, ते कारखान्यातून आलेलं. डॉक्टरांनी तेही नंतरच्यात जमा केलं आणि आकडी आणखी खाली घातली. खाली मळकट, हिरवट राखाडी असा काहीतरी थर होता. त्याच्यापुढे लोखंड.

डॉक्टर मागे सरकून बसले. "सापडला," ते हळूच म्हणाले. "हा मूळ रंग."

काकूंनी वाकून पाहिलं. "डॉक्टर, ते प्रायमर आहे. अस्तराचा हात. लोखंडावर रंग नीट बसावा म्हणून आधी देतात."

"वहिनी, किडलेली दाढही वरून पांढरीच दिसते. खरं काय ते मुळाशी गेल्याशिवाय कळत नाही."

काकूंनी तेच पुन्हा सांगितलं. दीर ओशाळले. अध्यक्षांचं अख्खं आयुष्य वरच्या थराखाली काय आहे ते बघण्यात गेलं आहे, असं त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन समजावलं आणि चहा टाकता का म्हणून विचारलं. काकूंना स्वतःलाच चहा हवा होता, म्हणून त्यांनी टाकला. परत आल्या तेव्हा दोघंही फोटो काढण्यात गर्क होते. स्टुलाखाली निळ्या रंगाचे बारीक कपचे पडले होते. काकूंनी ते झाडले नाहीत. बोटानं गोळा करून एका काडेपेटीत भरले आणि स्वतःच्याच वेडेपणाचा त्यांना थोडा रागही आला.

पुढच्या सभेत डॉक्टरांनी चौदा पानांचा निबंध वाचला. क्लबात सतरा गाड्या होत्या आणि सतराही गाड्यांची चाकं क्रीम होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी भीत भीत विचारलं की कारखान्याच्या जुन्या माहितीपत्रकात तर चाकं क्रीमच दिसतात. माहितीपत्रकं गिऱ्हाइकांसाठी असतात, अभ्यासकांसाठी नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि ठरावाला सगळ्यात आधी हात वर केला. वार्षिक प्रदर्शनाच्या आत प्रत्येकानं चाकांना मूळ रंग द्यायचा, असं ठरलं.

आता तो रंग जुळवायचा कुणी? सभासद दुकानात गेले. मालकांनी काकूंना बोलावून घेतलं. काकूंनी पहिल्या सभासदासमोर फळीवरचा प्रायमरचा डबा ठेवला आणि हाच तो, तयारच मिळतो, असं तिसऱ्यांदा सांगितलं. त्या गृहस्थांनी डब्यावरचं नाव वाचून तो मागे सारला. खिडकीच्या गजांना लावतात ते आपल्या गाडीला कसं चालेल, त्यांना खास मिसळलेला रंग हवा होता. काकूंनी त्यांच्या डोळ्यांदेखत तोच प्रायमर रिकाम्या डब्यात ओतला, दहा मिनिटं ढवळला, काडीवर घेऊन उजेडात धरला आणि झाकण लावून दिला. "तोच आहे बरं का," त्या म्हणाल्या. गृहस्थ हसले. इतकं ढवळल्यावर तो तोच कसा राहील? मग उरलेल्या सोळा जणांसाठीही त्यांना ढवळावं लागलं. संध्याकाळी दंड भरून आला होता.

घरी मात्र काकूंनी आपलं काम रीतसर पुरं केलं. चारही चाकं लोखंडापर्यंत घासली, पुसली, प्रायमर दिला, वाळू दिला, मग क्रीमचे दोन हात दिले. अशा चाकांची गाडी प्रदर्शनात घेता येणार नाही, असं दिरांनी पडेल आवाजात कळवलं. काकूंनी मान डोलावली.

प्रदर्शनाच्या दिवशी त्या बघायला म्हणून गेल्या आणि गाडी बाहेर, पाहुण्यांच्या गाड्यांच्या रांगेत लावली. आत सतरा गाड्या राखाडी पायांवर उभ्या होत्या. लोक येत, बघत आणि उरलेलं काम कधी होणार म्हणून चौकशी करत. प्रत्येकाला निबंधाची एक प्रत मिळे. बाहेर काकूंच्या गाडीपाशी दोन कुटुंबं मुलांना पुढे उभं करून फोटो काढत होती.

दोन महिने गेले. सभासद दर रविवारी गाड्या धूत, आणि नुसतं अस्तर पाणी पितं. आधी बारीक तांबूस ठिपके आले, मग चट्टे. एका दुपारी डॉक्टर एकटेच काकूंच्या गॅरेजात आले. आज कपाळाला दिवा नव्हता. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग त्यांनी विचारलं, हे असं वाढत जातं का? जातं, काकू म्हणाल्या. उपाय काय?

"घासायचं, पुन्हा तोच हात द्यायचा आणि वर रंग. क्रीम."

डॉक्टर चाकाकडे बघत राहिले. "त्याला रंगच म्हणायला हवं का?"

"म्हणजे?"

"संरक्षक लेप म्हटलं तर?"

"काहीही म्हणा डॉक्टर. डब्याला कळत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. काकूंना त्यांची दया आली आणि त्यांनी उत्तम पॉलिश पेपर कुठे मिळतो तेही सांगितलं.

तातडीची सभा भरली. मूळ रंग अनमोल असल्यामुळे त्याला ऊनपाणी लागू देणं हा गुन्हा आहे, सबब त्यावर क्रीम छटेचा संरक्षक लेप द्यावा, असा ठराव झाला. निबंधाची दुसरी आवृत्ती निघाली, तीत सहा पानांची भर होती. सतराही गाड्या पुन्हा क्रीम चाकांवर आल्या. आता कुणी बघायला आलं की सभासद चाकापाशी थांबून आवाज खाली आणतात आणि खरा रंग आत आहे म्हणून सांगतात. लोकही मग वाकून न दिसणाऱ्या रंगाकडे आदरानं बघतात. काकूंच्या गाडीलाही क्लबनं मान्यता दिली. लेप वेळेआधी दिल्याबद्दलचा आक्षेप मागे घेण्यात आला.

त्यानंतरच्या आठवड्यात दीर आपल्या डिकीतलं पाचवं चाक घेऊन खाली आले. तेवढं राहिलं होतं. काकूंनी त्यांना स्टूल दिलं, पॉलिश पेपर दिला आणि स्वतः करायला सांगितलं. दीर घासू लागले. उभं नका घासू, गोल फिरवा, काकूंनी दाखवलं. तासाभरानं त्यांचा हात बसला, रिमवर खालचा राखाडी थर दिसायला लागला. ते थांबले. अंगठ्यानं त्यावरची पूड पुसली, शेजारच्या प्रायमरच्या उघड्या डब्यात डोकावून बघितलं, पुन्हा रिमकडे बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "हे तर अस्तर आहे."

"हो."

दीर दुखावल्यासारखे झाले. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

काकूंनी पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडून त्यांच्या हातात दिला आणि कडेला अजून गंज राहिलाय, तिथे जरा जोर लावा म्हणाल्या.